स्नॅपच्या आधीचं वाचन: ऑडिबल बरोबर होतं की नुसतं साधलं?

मध्यरात्रीचा_किकऑफ

एनएफएलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या, सामन्यात क्वार्टरबॅक (हल्ला चालवणारा खेळाडू) लाइनवर येतो, बोटं दाखवतो, दोनतीनदा ओरडतो आणि स्नॅपच्या (चेंडू मागे देण्याच्या) आधी प्ले, म्हणजे ठरलेली चाल, बदलतो. हेच ऑडिबल. पुढे बारा यार्ड मिळाले की समालोचक म्हणणार, काय वाचलंय! इंटरसेप्शन झालं (पास बचावाने पकडला) की तोच माणूस म्हणणार, नको तिथे डोकं चालवलं. निकालावरूनच गुण द्यायचे तर स्कोअरबोर्ड पुरे आहे. मला निर्णयाला गुण द्यायचे आहेत.

माझ्या तक्त्यात सध्या एवढे रकाने आहेत: डाउन (चारपैकी कितवा प्रयत्न) आणि अंतर, खोलवर किती सेफ्टी (सर्वांत मागचे बचावपटू), बॉक्समध्ये (चेंडूसमोरच्या गर्दीत) किती जण, प्ले बदलला का, किती यार्ड मिळाले. अडचणी अशा:

१. मूळ प्ले काय होता हे आपल्याला कधीच कळत नाही.
२. खरं ऑडिबल कोणतं आणि नाटक कोणतं?
३. बचाव स्नॅपनंतर रूप बदलतो. मग चूक कोणाच्या नावावर मांडायची?

कोणी पद्धतशीर मोजत असेल तर रकाने सुचवा. ‘खेळ बघत राहा, आपोआप कळेल’ छापाची उत्तरं नकोत.

---

ऑल_बावीस

रकाने ठीक आहेत, पण भरण्याचा क्रम बदला. यार्डांचा रकाना झाकून ठेवा आणि चित्रफीत स्नॅपच्या क्षणी थांबवा. तुमच्या मते काय करायला हवं होतं ते आधी लिहा, मगच पुढे चालवा. प्ले एकदा बघितला की डोळे निकालाच्या बाजूने साक्ष देतात, कितीही ठरवलं तरी.

टीव्हीचं प्रक्षेपण एकटं चालणार नाही. नेहमीच्या कॅमेऱ्यात सेफ्टी चौकटीबाहेरच असतात, आणि अर्धं वाचन तर त्यांचंच असतं. ऑल-२२ लागेल, म्हणजे मैदानावरचे बावीसही खेळाडू दिसणारी प्रशिक्षकांची चित्रफीत. एनएफएल प्लसच्या प्रीमियम वर्गणीत ती मिळते. तिला आवाज नसतो, प्ले क्लॉक (पुढच्या स्नॅपपर्यंतचं घड्याळ) दिसत नाही आणि ती स्नॅपच्या जेमतेम आधी सुरू होते. म्हणून दोन्ही लागतात: आवाज आणि घड्याळ टीव्हीवरून, मांडणी ऑल-२२ वरून.

आता घड्याळ. तुमच्या पहिल्या अडचणीचं निम्मं उत्तर इथेच आहे. प्ले संपल्यापासून ४० सेकंदांचं घड्याळ चालतं. प्रशिक्षकाचा आवाज क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये १९९४ पासून येतो, पण घड्याळ १५ वर आलं की तो बंद होतो. म्हणजे १५ च्या आधी झालेला बदल प्रशिक्षकाच्या सांगण्यावरून असू शकतो; १५ नंतरचा बदल त्या पोराचा स्वतःचा. बदल कितव्या सेकंदाला झाला हा रकाना तुमच्याकडे नाही, तो आधी घाला. त्याला जोडून आणखी एक: संघ लाइनवर किती सेकंद राखून आला? १८ वर आला तर बघायला, बदलायला, सगळ्यांना सांगायला वेळ आहे. ९ वर आला तर बाकीचं वाचन कितीही चांगलं असो, हात बांधलेले असतात. त्यात कधी क्वार्टरबॅकची दिरंगाई असते, कधी प्ले उशिरा पाठवणाऱ्या प्रशिक्षकाची. सरसकट क्वार्टरबॅकचे गुण कापू नका.

मग मांडणी. मी या क्रमाने बघतो.

सेफ्टी: मधोमध एकच खोल असेल तर मैदानाचा मधला भाग बंद; बहुधा कव्हर १ किंवा कव्हर ३ (आकडा खोलवर राखणाऱ्यांचा). दोन असतील तर मधला भाग उघडा. कव्हर २ किंवा ४. खोल कोणीच नसेल तर कव्हर ०, म्हणजे ब्लिट्झ (जादा माणसं क्वार्टरबॅकवर सोडणं) जवळजवळ नक्की.

बॉक्स: पाच लाइनमन आणि जोडून उभा असलेला टाइट एंड असे सहा ब्लॉकर. समोर बॉक्समध्ये सहाच असतील तर प्रत्येकाला एक माणूस मिळतो, धावायला हिशेब बरा. सात असतील तर एक मोकळा राहतो आणि तोच रनिंग बॅकला (चेंडू घेऊन धावणाऱ्याला) येऊन धरतो. कबड्डीत चढाईपटू आधी समोरचे मोजतो, कारण सहापेक्षा कमी असतील तर बोनस नाहीच. तसाच हा पाढा आहे, फक्त उलटा. इथे समोर माणसं कमी तेवढी कमाई जास्त.

कॉर्नर (कडेचा बचावपटू): नजर रिसीव्हरवर (पास घेणाऱ्यावर) रोखलेली आणि शरीर आतल्या बाजूला असेल तर मॅन कव्हरेजची (प्रत्येकाने एकेक माणूस धरण्याची) शक्यता. शरीर अर्धं वळलेलं आणि नजर क्वार्टरबॅककडे असेल तर झोन (प्रत्येकाने आपली जागा राखणं).

यातून खात्री होत नाही तेव्हा क्वार्टरबॅक एखाद्या रिसीव्हरला आडवा पाठवतो. त्याच्या मागे एकच बचावपटू मैदानभर धावला तर मॅन; बाकीचे एकेक पाऊल सरकले आणि कोणी मागे गेलं नाही तर झोन. सगळ्यात स्वच्छ खूण मात्र रनिंग बॅकला बाहेर टोकाला उभा केल्यावर मिळते. त्याच्यासमोर लाइनबॅकर (बचावाच्या दुसऱ्या फळीतला) बाहेर आला तर मॅन, कॉर्नरच तिथे थांबला तर झोन. अशा खुणा मुद्दाम विचारून घेणाऱ्या क्वार्टरबॅकला मी वेगळा गुण देतो. समोर काय आहे ते बघणं वेगळं, आणि समोरच्याला बोलतं करणं वेगळं.

गुण तीन ठिकाणी द्या आणि त्यांची बेरीज करू नका. दिसलं का? उत्तर बरोबर होतं का? ते अकराही जणांपर्यंत पोचलं का? तिसरा रकाना लोक विसरतात. ४८व्या सुपर बोलचा (२ फेब्रुवारी २०१४) पहिलाच स्नॅप आठवा. डेन्व्हरचा क्वार्टरबॅक पेटन मॅनिंग गोंगाटात लाइनकडे पुढे चालला होता, सेंटरला (चेंडू मागे देणाऱ्याला) वाटलं हाक आली, चेंडू मॅनिंगच्या डोक्यावरून त्यांच्याच एंड झोनमध्ये गेला आणि बाराव्या सेकंदाला सिॲटलला सेफ्टीचे (इथे बचावपटू नव्हे, चेंडू स्वतःच्या एंड झोनमध्ये अडकल्याचे) दोन गुण मिळाले. त्या प्लेवर मॅनिंगने काय वाचलं होतं याला काही अर्थच उरला नाही. तिथे शून्य तिसऱ्या रकान्यात पडतं, पहिल्यात नाही.

---

गार्डची_बाजू

वरचा प्रतिसाद चांगला आहे, पण पासच्या वेळच्या संरक्षणाला एक ओळही नाही? लाइनवर दिसणाऱ्या बोटं दाखवण्यापैकी बरंचसं त्याचंच असतं.

‘बावन्न माइक, बावन्न माइक’ ही ओरड म्हणजे ऑडिबल नाही. प्ले तोच राहतो. लाइनने कोणत्या लाइनबॅकरला (तोच माइक) आपल्या हिशेबात धरायचं तेवढंच ती ठरवते. पाच लाइनमननी समोरचे चार आणि तो माइक असे पाच घ्यायचे, उरलेल्यांवर रनिंग बॅकने नजर ठेवायची. माइक बदलला की लाइन कुठे सरकणार ते बदलतं, आणि रनिंग बॅकचा माणूसही बदलतो. मूळ पोस्टच्या तक्त्यात हे सगळं ‘प्ले बदलला’ म्हणून गेलं असेल तर आधीचे आकडे परत तपासावे लागतील.

हिशेब असा करा. पाच लाइनमन आणि बॅक, एकूण सहा. लाइनमधले तिघे डावीकडे सरकणार असतील तर उजवीकडे गार्ड आणि टॅकल हे दोन लाइनमन आणि बॅक असे तिघेच उरतात. उजवीकडून चार येऊ शकतील असं दिसत असताना माइक बदलला नाही, तर एकूण सहास सहा जुळूनही उजवीकडचा एक मोकळा येणार. ही वाचनाची चूक. पण सात जण आले तर सहा जण कसेही लावा, एक सुटणारच. तिथे लाइन दोषी नाही. चेंडू ठरलेल्या हॉट रूटवर (अशा वेळच्या झटपट पासवर) ताबडतोब गेला का, एवढंच बघायचं.

चित्रफितीत ओळखायची खूण: मोकळा माणूस क्वार्टरबॅकवर आला त्या क्षणी एखादा लाइनमन हवेला धक्का देत उभा आहे का? असेल तर माणसं पुरेशी होती, पण चुकीच्या बाजूला लावली. सगळ्या ब्लॉकरच्या अंगावर कोणी ना कोणी असेल तर बचावाने संख्येनेच मात केली.

एक सावधगिरी. संरक्षणाची हाक प्रत्येक संघात क्वार्टरबॅकच देतो असं नाही. ईगल्समध्ये जेसन केल्सी २०२४ मध्ये निवृत्त होईपर्यंत बरंचसं सेंटरच बोलत होता. हाक कोणाची हे ठाऊक नसेल तर या रकान्यात ‘संघ’ लिहा. क्वार्टरबॅकच्या डोक्यावर खापर फोडायचं कारण नाही.

---

तिसरा_सेफ्टी

मी बचावाच्या बाजूने बघतो, म्हणून थोडा असहमत.

सेफ्टी मोजणं ही पहिली पायरी मान्य, पण तिच्यावर एवढा भरवसा नको. हल्ली बरेच बचाव दोन सेफ्टी खोलवर ठेवूनच उभे राहतात आणि स्नॅपबरोबर एकाला खाली आणतात. मांडणी कव्हर २ ची, प्रत्यक्षात कव्हर ३. फसवा दबाव तर त्याहून वाईट: सहा जण लाइनवर येऊन उभे राहतात आणि येतात चारच, त्यातही ज्यांची अपेक्षा असते ते मागे सरकतात. क्वार्टरबॅकने सहांच्या हिशेबाने लाइन सरकवलेली असते, बॅकला थांबवून ठेवलेलं असतं, म्हणजे एक पास घेणारा कमी. इकडे सात जण कव्हरेजमध्ये. गार्डची_बाजू यांची हवेला धक्का मारणारा लाइनमन ही खूण इथे फसते, कारण त्याला तिथे उभं करणं हाच बचावाचा डाव होता.

म्हणून तिसऱ्या अडचणीला माझं उत्तर असं. स्नॅपनंतर रूप बदललं, एवढ्यावरून क्वार्टरबॅक चुकला म्हणू नका आणि सुटला असंही म्हणू नका. विचारायचं हे: बदलाची चाहूल आधी लागत होती का? खाली येणारा सेफ्टी सहसा शेवटच्या तीनचार सेकंदांत फुटतो, म्हणजे आपला डाव उघडा पाडतो, कारण त्याला वेळेवर जागेवर पोचायचं असतं. त्याचा जोडीदार १४ यार्डांवर आणि हा १० वर, किंवा पावलं एकापुढे एक आणि वजन पुढच्या पायावर. हे ऑल-२२ वर दिसत असेल तर क्वार्टरबॅकलाही दिसायला हवं होतं. काहीच दिसत नसेल तर गुण बचावाला द्या आणि क्वार्टरबॅकच्या रकान्यात रेघ मारा. शून्य नाही, रेघ.

खोटी हाक याच्यासाठीच असते. घड्याळावर १० असताना क्वार्टरबॅक स्नॅप मागितल्यासारखं ओरडतो, चेंडू येत नाही, पण ब्लिट्झवाले दचकून पुढे सरकतात. कोणी रेषा ओलांडली आणि वेळेत मागे फिरला नाही तर ५ यार्ड फुकट. जानेवारी २०१४ मध्ये चार्जर्सविरुद्धच्या प्लेऑफमध्ये मॅनिंगने ‘ओमाहा’ चाळीसहून जास्त वेळा उच्चारलं आणि चार्जर्सवाले वारंवार फसून पुढे आले. तो शब्द जादूचा नव्हता, गंमत त्याच्या वेळेत होती.

आणि वाचन दोन्ही बाजूंनी चालतं हे विसरू नका. ४४व्या सुपर बोलमध्ये शेवटच्या टप्प्यात तिसऱ्या डाउनला कोल्ट्सची मांडणी बघून सेंट्सच्या ट्रेसी पोर्टरने रिसीव्हर रेजी वेनचा रूट (धावायचा ठरलेला मार्ग) आधीच ओळखला, पुढे घुसून चेंडू घेतला आणि ७४ यार्ड पळाला. क्वार्टरबॅकचं उत्तर कागदावर योग्य असतं, पण तेच उत्तर तो सारखं देत असतो. तक्त्यात एक रकाना असा हवा: याच मांडणीला, याच डाउनला मागच्या तीन सामन्यांत काय दिलं होतं?

---

मध्यरात्रीचा_किकऑफ

भरपूर मिळालं. माइकच्या हाका मी खरंच ऑडिबलमध्ये धरल्या होत्या. आकडे परत करतो.

एक प्ले देतो, कोणी गुण देऊन दाखवा. दुसरा डाउन, ७ बाकी, स्वतःच्या ३८ वर. शॉटगन (क्वार्टरबॅक सेंटरपासून काही यार्ड मागे). एक बॅक, टाइट एंड उजवीकडे जोडून, डावीकडे दोन रिसीव्हर, उजवीकडे एक. दोन सेफ्टी १३ यार्डांवर, बॉक्समध्ये सहा. घड्याळ ११ वर असताना डावीकडचा आतला रिसीव्हर उजवीकडे आडवा पाठवला. कोणी मागे गेलं नाही, लाइनबॅकर एक पाऊल उजवीकडे सरकले. मग ‘किल, किल’. ५ वर स्नॅप. उजवीकडे धाव. उजवा सेफ्टी स्नॅपबरोबर खाली आला आणि त्याने बॅकला धरलं. २ यार्ड.

---

ऑल_बावीस

आधी ‘किल’ म्हणजे काय ते, कारण गुण त्यावर अवलंबून आहेत. हडलमध्ये (प्लेआधीच्या घोळक्यात) दोन प्ले दिलेले असतात. काही न बोलता पहिला चालतो, ‘किल’ म्हटलं की पहिला रद्द आणि दुसरा चालू. म्हणजे क्वार्टरबॅकसमोर अख्खं प्लेबुक नव्हतं, दोनच पर्याय होते. ‘इथे स्क्रीन पास टाकायला हवा होता’ असा शेरा अशा प्लेला लागू नाही. पूर्ण मोकळीक असलेला क्वार्टरबॅक आणि दोनांतून एक निवडणारा यांची तुलना एकाच यादीत करू नका, हेही यातूनच आलं. तुमच्या पहिल्या अडचणीचं उरलेलं निम्मं उत्तर हेच: मूळ प्ले कळला नाही तरी ‘किल’ ऐकू आलं की पर्याय दोनच होते एवढं कळतं.

खरं की नाटक याबद्दलही इथेच सांगतो. बरेच संघ ‘जिवंत’ शब्द ठरवून ठेवतात, उदाहरणार्थ एखादा रंग. तो रंग उच्चारला तर पुढचं खरं, दुसरा कोणताही रंग म्हणजे बडबड. बाहेरून रंग ओळखता येत नाही, पण हाकेनंतर इतरांचे पाय बघा. रिसीव्हरने डोकं वळवलं, बॅकने बाजू बदलली, टाइट एंड सरकला, तर काहीतरी बदललं. दहाही जण पुतळ्यासारखे उभे असतील तर ते बहुधा नाटक होतं. बहुधा म्हणतो, कारण पासमधून धावेत बदल झाला आणि मांडणी तीच राहिली तर पायही हलत नाहीत.

आता तुमचा प्ले.

दिसलं का: हो. दोन सेफ्टी, बॉक्समध्ये सहा, रिसीव्हर पाठवून झोनची खात्री. पूर्ण गुण.

उत्तर: सहा ब्लॉकरसमोर सहा, धाव घेणं योग्य. पण दिशा बघा. रिसीव्हर उजवीकडे नेल्यावर उजवीकडे तिघे झाले, टाइट एंड आणि दोन रिसीव्हर. झोनमध्ये बचावाचा भार तिकडे सरकणारच. लाइनबॅकर सरकलेच, आणि सेफ्टीला खाली आणायचं असेल तर तोही बहुधा त्याच बाजूने येणार. म्हणजे स्वतःच माणसं उजवीकडे बोलावली आणि मग तिकडेच धाव काढली. डावीकडे त्याच क्षणी एका पावलाची जागा झाली होती. संख्या बरोबर, दिशा चुकली. अर्धा गुण. दिशा बदलायचा अधिकार त्याला नसेल तर हा अर्धा प्ले लिहिणाऱ्याचा, आणि मला तरी हाच संशय जास्त आहे.

पोचलं का: हो. सगळे एकाच वेळी हलले, ५ वर स्नॅप, दंड नाही.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाही: ११ ते ५ या सहा सेकंदांत खोटी हाक दिली का? वेळ होता. दिली नसेल तर सेफ्टीला न फुटता खाली येण्याची मुभा क्वार्टरबॅकनेच दिली.

---

तिसरा_सेफ्टी

सहमत. २ यार्ड म्हणजे अपयश असं इथे धरू नका. सात जणांत बॅकला धरलं गेलं, चेंडू हातात राहिला, तिसरा डाउन ५ यार्डांचा झाला. ‘किल’ न करता दोन खोल सेफ्टींच्या पोटात लांब पास टाकणं हा दुसरा पर्याय असेल तर हे २ यार्ड मी आनंदाने घेईन.

---

गार्डची_बाजू

अजून एक रकाना, मग थांबतो: न केलेलं ऑडिबल. तक्त्यात फक्त बदललेले प्ले मोजलेत तर जास्त ओरडणारा क्वार्टरबॅक हुशार ठरेल.

५३व्या सुपर बोलचं उदाहरण घ्या. चौथ्या क्वार्टरमध्ये ३–३ असताना पेट्रियट्सनी दोन टाइट एंड, फुलबॅक आणि बॅक असा जड गट मैदानात आणला आणि त्यांनाच बाहेर पसरवून उभं केलं. रॅम्सनी धाव अडवणारी माणसं आणली होती, त्यांना मोकळ्या जागेत पास झाकणं भाग पडलं. एकच प्ले सलग तीनदा चालला: एडलमनला १३, बर्कहेडला ७, ग्रॉन्काउस्कीला २९ यार्ड. क्वार्टरबॅक ब्रेडीला तीनही वेळा वेगळा माणूस मोकळा दिसला. कोण मॅनमध्ये, कोण कोणावर, हे मांडणीनेच उघडं केलं होतं. पुढच्या प्लेवर मिशेलचा टचडाउन, सामन्यातला एकमेव. ‘प्ले बदलला का’ या रकान्यात तीनदा ‘नाही’ येईल. ‘दिसलं का’ मध्ये तीनदा पूर्ण गुण.

उलट बाजूही मोजा. बॉक्समध्ये आठ जण दिसत असताना तीच धाव घेतली, घड्याळावर १२ होते, रिसीव्हर एकटा एकावर होता. तिथे प्ले बदलला नाही म्हणून वजा.

परक्या मैदानाचे प्ले वेगळ्या पानावर ठेवा. गोंगाटात हाक ऐकू जात नाही, बदल हातांच्या खुणांनी जातो, आणि गार्ड मागे बघून सेंटरला थाप मारतो तेव्हा स्नॅप होतो. खोटी हाक तिथे जवळपास बादच. त्यातच ४ सेकंद उरले असताना मांडणी बदलली, तर सगळ्यांनी एक सेकंद स्थिर राहायचं असतं. कोणी हलतं राहिलं की इल्लीगल शिफ्टचे ५ यार्ड, थांबलात तर डिले ऑफ गेमचे ५, आणि दोन्ही टाळायचे तर अर्ध्या सामन्याला मिळणाऱ्या तीनपैकी एक टाइमआउट गेला. अशा वेळी प्ले न बदलता आहे तोच नीट चालवणारा क्वार्टरबॅक माझ्या तक्त्यात वर असतो.

---

मध्यरात्रीचा_किकऑफ

खोटी हाक दिली नव्हती, आत्ता आवाज लावून परत बघितलं. आणि घड्याळ ७ वर असतानाच उजवा सेफ्टी जोडीदारापेक्षा तीन यार्ड पुढे होता. ‘दिसलं का’ मधले पूर्ण गुण काढून अर्धा करतोय.